ग्रिट्समहर्षी

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिनात, चार्ल्स्टनच्या आसपासच्या किनाऱ्यावर, एक जमात हमखास भेटते. वय साठीपुढचं, अंगात सुरकुतलेला सीअरसकर कोट, तोंडी सतत 'लोकंट्री'. म्हणजे तो सगळा खाड्या-दलदलींचा सखल मुलूख. हा गृहस्थ बोलावतो जेवायला आणि वाढतो इतिहास. तिथली मराठी मंडळी आपसात त्याला ग्रिट्समहर्षी म्हणतात.

ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. त्या दगडी जात्यावरच दळलेल्या हव्यात आणि मंद आचेवर तासभर ढवळायला हव्यात. 'इन्स्टंट' हा शब्द त्याच्या घरात शिवीत मोडतो. कुणी साखर मागितली तर तो काही बोलत नाही, फक्त त्याला पुन्हा बोलावत नाही. शेजारच्या जॉर्जिया राज्यानं २००२ साली ग्रिट्सला राज्याच्या अधिकृत पदार्थाचा मान दिला, हा विषय तर त्याच्यासमोर काढूच नये. कोळंबी आणि ग्रिट्स ही मूळची इथल्या कोळ्यांची न्याहारी. ती देशभर गाजली मात्र १९८५ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'नं उत्तर कॅरोलिनातल्या बिल नील या शेफचं कौतुक केल्यावर. हे सांगताना महर्षींचा आवाज एकदम खाली येतो.

फ्रॉगमोर स्ट्यूच्या दिवशी त्यांना बघावं. या स्ट्यूमध्ये बेडूक नसतो आणि रस्साही नसतो. फ्रॉगमोर हे सेंट हेलेना बेटावरच्या वस्तीचं नाव. भल्यामोठ्या पातेल्यात मसाल्याचं पाणी उकळतं. आधी बटाटे, मग सॉसेज, मग मक्याच्या कणसांचे तुकडे. कोळंबी शेवटी, सालासकट, जेमतेम तीन मिनिटं. पाणी निथळून सगळा ऐवज वर्तमानपत्र अंथरलेल्या टेबलावर पालथा होतो. आपण हात घालणार, एवढ्यात महर्षी कोळंबी सोलायची शास्त्रोक्त पद्धत सांगू लागतात. ती सांगून होईतो कणसं गार.

पाहुणा भारतीय असेल तर 'कंट्री कॅप्टन' ठरलेला: कोंबडी, टोमॅटो, बेदाणे आणि करी पावडर. 'घ्या, तुमचाच पदार्थ!' कोल्हापूरच्या माणसानं निमूट मान डोलवावी.

शी-क्रॅब सूप म्हणजे खेकड्याच्या मादीचं, गाभोळीसकट केलेलं दाट सूप, वर शेरीची धार. अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्ट चार्ल्स्टनच्या महापौरांकडे जेवायला आले तेव्हा ते पहिल्यांदा झालं, असं सांगतात. टाफ्टसाहेबांवर महर्षी पंधरा मिनिटं बोलतात. ज्याला या सुपाचं श्रेय देतात, त्या विल्यम डीस या कृष्णवर्णीय बटलरवर एक वाक्य.

सगळी गोम इथेच आहे. 'कॅरोलिना गोल्ड' तांदूळ महर्षींच्या पणजोबांचा. पण त्या दलदलीत बांध घालून भात पिकवला तो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी. भातशेतीची विद्या त्यांच्या हातात होती. टोमॅटोतला लाल भात, भेंडीचं सूप, तिळाची बेने बिस्किटं, नववर्षाला चवळी-भाताचा 'हॉपिन जॉन', या सगळ्यांवर त्यांचा हात आहे. त्यांचे वंशज, म्हणजे गला-गीची लोक, आजही या किनाऱ्यालगतच्या बेटांवर राहतात. त्यांच्या वारशाचा पट्टा म्हणून अमेरिकी काँग्रेसनं २००६ साली या किनाऱ्याला मान्यता दिली. महर्षींच्या तोंडी मात्र प्रत्येक कृती 'आमच्या आजीची' असते. आजी स्वतः चुलीपाशी कधी उभी राहायची, असं विचारलं की त्यांना नेमका ओव्हनमधला कॉर्नब्रेड आठवतो.

माणूस वाईट नाही. हात सढळ, पाहुण्याला उपाशी उठू देणार नाही. बोलावणं आलं तर जरूर जा, मात्र घरून थोडं खाऊन निघा. आणि दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून सेंट हेलेना बेटावर जा, एखाद्या गला बाईच्या हातचा लाल भात खा. व्याख्यान नसेल, विचारलंत तर मात्र भात कुणी पिकवला हे ती एका वाक्यात सांगेल.