थांबल्यावरचा श्वास

पळण्याबद्दल आमच्या आठशे गाडीची कधीच तक्रार नव्हती. शिये पुलावरून ती बावड्यात हसतखेळत यायची. पण हंगामात राजाराम कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागं थांबायची वेळ आली, की तिचा जीव कासावीस व्हायचा. पेटीचा भाता पहिल्यांदाच हाती आलेल्या शिकाऊ पोरासारखा तिचा सूर उगाच चढायचा, मध्येच बसायचा, पुन्हा चढायचा आणि एकदम गप्प. ज्या गावात कट्ट्यावर बसून राहण्याला तालमीइतकाच मान आहे, तिथल्या गाडीला नुसतं उभं राहता येऊ नये, याचं मला जरा वाईटच वाटे.

शेवटी तिला गॅरेजात नेलं. "पेट्रोल न्हाई काका, वारं मिळंना तिला," फिटर म्हणाला. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटते. मग जगण्यापुरती हवा एका आडवाटेनं आत जाते, आणि त्या वाटेवरची बोटाच्या पेराएवढी सुई मागंपुढं सरकून ती मोजून देते. एसी लावला, तर थोडी जास्त. या सुईच्या मोटरला गॅरेजात स्टेपर म्हणतात. पूर्वीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हे काम एका स्क्रूवर भागे. वडील डोळे मिटून, कान देऊन तो पिळत आणि 'स्लो' लावत. आजोबांचा कान तर त्याहून तिखट. रात्री पंचगंगेच्या काठावर उसाला पाणी पाजणाऱ्या ऑइल इंजिनची ठकठक जरा बदलली, तरी ते झोपेतून उठून बसत. इंजिन चालू असलं की गाढ झोप, बंद पडलं की जाग, असा त्यांचा उलटा हिशोब होता.

फिटरनं स्टेपरला लगेच हात लावला नाही. आधी रबरी नळ्यांच्या सांध्यांवर क्लीनर फवारून आवाज बदलतो का ते ऐकलं. चोरवाटेनं हवा शिरत नव्हती. मग दोन स्क्रू काढून सुई बाहेर घेतली. चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखी काळी! पुसली, पण मीटर लावल्यावर आतली एक गुंडाळी तुटलेली निघाली. नवा स्टेपर नव्या रिंगवर बसवायला काढला. मी कौतुकानं सुईला बोट लावणार, तोच तो ओरडला, "दाबू नका, आतलं दातं जातील."

बॅटरीची वायर थोडा वेळ काढून पुन्हा जोडली. "आता चालू करून सोडायची. एसी न्हाई, रेस न्हाई. किती उघडायचं, तिचं तिला शिकू दे."

गाडी रिकामं उभं राहायला शिकत होती, आणि ते बघत आम्ही दोघं उभे होतो. निवृत्तीनंतर मला हेच शिकवायचा घरच्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. पण माणसाची वायर काढून पुन्हा जोडता येत नाही. मी बॉनेटभोवती चकरा मारत होतो, एकदा टायर दाबून पाहिला, एकदा आरसा पुसला.

"काका," फिटर स्टूल पुढं सरकवत म्हणाला, "गाडी शिकली. आता तुम्ही बी बसा की जरा. च्या सांगितलाय."