झोपेचा जमाखर्च

मराठी घरात लिहून ठेवण्याची हौस मोठी. दूधवाला कोणत्या दिवशी आला नाही, गॅसचा सिलिंडर कधी लावला, इस्त्रीला किती कपडे गेले, हे सगळं कालनिर्णयच्या चौकोनांत बारीक अक्षरात सापडतं. या शिस्तीतून देवही सुटलेले नाहीत. आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू निजतात, भाद्रपद शुद्ध एकादशीला कूस बदलतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीला उठतात, याची नोंद पंचांगात दरवर्षी न चुकता होते. निजायची वेळ, मधली हालचाल, उठायची वेळ. निद्रातज्ज्ञ डॉक्टर आज जो तक्ता भरायला सांगतात, त्यातले तीन रकाने आपण देवाच्या नावानं फार पूर्वीच भरून ठेवलेत.

आपल्या नावानं भरायची वेळ आली, की मात्र रकाने वाढतात. ‘झोप लागत नाही’ म्हणून डॉक्टरांकडे गेलं की गोळी मिळेल अशी आपली अपेक्षा. मला मिळाला तो छापील कागद. दोन आठवडे रोज सकाळी भरा म्हणाले. २०१२ साली निद्रानाशाच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन अशा नोंदींचा एक सर्वमान्य नमुना ठरवला. त्यात अंथरुणावर कधी गेलात आणि झोपायचा प्रयत्न कधी सुरू केलात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रश्न काढणाऱ्याला माणसाची नस बरोबर सापडली आहे. या दोन वेळांच्या मध्ये आपला सगळा मोबाइल, सोसायटीच्या ग्रुपवरचं पाण्याचं भांडण आणि ‘हा एकच व्हिडिओ’ मावतो. तसंच सकाळचं. शेवटची जाग कधी आली आणि अंथरूण कधी सोडलंत, यांचीही उत्तरं वेगळी. साडेपाचला जागा होऊन सातपर्यंत पडून राहणारा मनुष्य आजवर सगळ्यांना ‘मी साडेपाचला उठतो’ असं सांगत आलेला असतो. तक्ता त्याला उघडा पाडतो.

खरी पंचाईत होते ती ‘डोळा कधी लागला’ या रकान्यात. ज्या जमाखर्चात ऐन व्यवहाराच्या वेळी हिशेबनीसच गैरहजर असतो, तो लिहायचा कसा? घड्याळ बघून अकरा सत्तेचाळीस लिहावं, तर अकरा सत्तेचाळीसला आपण जागे होतो एवढंच सिद्ध होतं. म्हणून डॉक्टर बजावतात, रात्री घड्याळ बघायचं नाही, सकाळी अंदाजानं लिहायचं. दुधाच्या हिशेबात पाव लिटरवरून हुज्जत घालणाऱ्या माणसाला हा ‘अंदाजे’ फार जड जातो.

त्यातून घरात साक्षीदार असतो. एका सकाळी मी वहीत ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही’ असं लिहिलं. चहा ठेवता ठेवता हिनं ते वाचलं.

“अहो, मग दीड वाजता घोरत कोण होतं?”

“मी विचार करत पडलो होतो.”

“मोठ्यानं करत होतात.”

या खटल्याचा निकाल आमच्याकडे अजून लागलेला नाही. वैद्यकशास्त्र मात्र दोन्ही पक्षांना सांभाळून घेतं. निद्रानाशाची तक्रार असणाऱ्या अनेकांना प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून तपासलं, तर ते जितकं सांगतात त्याहून बरंच जास्त झोपलेले आढळतात. तरीही डॉक्टर त्यांची वही बाजूला टाकत नाहीत. दुखणं शेवटी मेंदूच्या आलेखाला नसतं, सकाळी डोळे चोळत उठणाऱ्याला असतं.

वही भरली की टक्के काढायचे. अंथरुणात आठ तास होतात आणि झोपलात सहा, तर पंचाहत्तर टक्के. आमच्या वेळी दहावीला पंचाहत्तर टक्क्यांना डिस्टिंक्शन मिळायचं, पेढे वाटायचे. इथे ढोबळमानानं पंच्याऐंशीच्या वर गेलात तर ठीक. टक्के वाढवायचा मार्गही अजबच. लवकर आडवं होऊन ते वाढत नाहीत. पेंग आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही आणि पडून राहण्याचा वेळच कमी करायचा. हे अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आयुष्यभर ‘जरा पडतो’ म्हणणाऱ्यांवर याहून मोठा आघात नाही.

वहीत दिवसाचेही रकाने असतात, आणि खरी चोरी तिथेच पकडली जाते. पाच वाजताच्या चहातल्या कॅफिनपैकी निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री दहाला अर्धा कप चहा रक्तात ताजा असतो. दुपारच्या झोपेचा वेगळा रकाना. चरकसंहितेनं निरोगी माणसाला दिवसा झोपायची मुभा दिली ती उन्हाळ्यापुरती. आम्ही दुपारी एक ते चार बाराही महिने उन्हाळा पाळतो आणि रात्री अकराला छताकडे बघत ‘हल्ली झोपच लागत नाही’ म्हणतो.

नोंदी ठेवून झोपेला ताब्यात आणायचा आटापिटा थोरामोठ्यांनीही केला आहे. शिकागोचे निद्रासंशोधक नेथॅनियल क्लाइटमन १९३८ साली आपल्या तरुण सहकाऱ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत उतरले आणि ३२ दिवस तिथे राहिले. बाहेरचा उजेड नाही, दिवस ठरवला २८ तासांचा. झोप कधी, जाग कधी, अंगाचं तापमान किती, सगळं टिपलं. तरुण सहकाऱ्याच्या शरीरानं नवं वेळापत्रक स्वीकारलं. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांच्या शरीरानं जुने २४ तास सोडले नाहीत. चाळिशीनंतर सवयी बदलत नाहीत, हे घरोघरीचं सत्य त्यांनी गुहेत बसून शास्त्रशुद्ध रीतीनं अनुभवलं.

आता मनगटावरचं घड्याळच सगळं लिहितं. सकाळी मुलगा विचारतो, “बाबा, तुमचा स्कोअर किती?” कमी आला की ताजातवाना उठलेला माणूसही दिवसभर जांभया देऊ लागतो. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशाच रुग्णांबद्दल लिहिलं. झोपेचे आकडे सुधारण्याच्या काळजीनंच त्यांची झोप बिघडत होती. कागदाच्या वहीत हा धोका कमी. ती रोज कंटाळवाणी होत जाते, हा तिचा मोठा गुण.

तेव्हा झोपेची तक्रार असेल, तर दोन आठवडे वही जरूर लिहा. उठल्यावर तासाभरात, अंदाजानं, चहासकट, डुलकीसकट. घोरता घोरता श्वास अडून दचकून जाग येते असं घरचे सांगत असतील, तर वहीची वाट न बघता डॉक्टर गाठा. दोन आठवडे झाले की वही त्यांच्या हातात द्या आणि लिहिणं थांबवा. आणि पाचचा चहा नि दुपारची झोप यांतलं काहीच सोडायची तयारी नसेल, तर वहीला उगाच पैसे घालू नका. तेवढ्यात आणखी एक कटिंग येईल.