पस्तिसाची माया

वाघोलीत मे महिना उजाडला की नगर रोडवर दोन गोष्टी वाढतात : पाण्याचे टँकर आणि अभिनंदनाचे फ्लेक्स. टँकर पुढे सरकत नाहीत आणि फ्लेक्सवरची मुलं हसत नाहीत. दहावीला ९६ टक्के मिळवलेल्या मुलाने एवढं गंभीर का दिसावं? बहुतेक फोटो काढायच्या आधीच कुणीतरी त्याला अकरावीच्या क्लासची फी सांगितलेली असते.

या फ्लेक्सवर कधी न येणारा एक आकडा आहे, ३५. आमच्याकडच्या सोसायट्यांत एकाच मजल्यावर दोन-तीन बोर्डं नांदतात. समोरच्या दारातली सीबीएसईची मुलगी ३३ ला पास होते, अलीकडच्या दारातला स्टेट बोर्डाचा मुलगा ३५ ला. लिफ्ट एक, टँकर एक, पार्किंगची भांडणंही एक. फरक काय तो दोन मार्कांचा. ३० जून २०२१ ला वाघोली पुणे महापालिकेत गेली, ग्रामपंचायत इतिहासजमा झाली, पण ३५ जागचे हलले नाहीत.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे. नाव ऐकूनच पाठ ताठ होते. १९६६ पासूनची ही संस्था म्हणजे हातात छडी घेतलेले हेडमास्तर असणार, असंच वाटतं. पण उत्तीर्णतेचे नियम वाचायला घ्या, आतून आजी निघते. १०० पैकी ८० मार्क लेखी, २० तोंडीचे नाहीतर अंतर्गत, म्हणजे शाळेच्या हातातले. एखादी भाषा जड जाते? हरकत नाही, तिन्ही भाषांत मिळून १०५ आण, फक्त कुठे २५ च्या खाली जाऊ नकोस. गणिताशी पटत नाही? विज्ञानाचा हात धर, दोघांचे मिळून ७० झाले की पुरे. तिथेही २५ ची अट तेवढी पाळ. बिचाऱ्या सामाजिक शास्त्रालाच कुणी जोडीदार नाही, त्याने आपले ३५ आपणच मिळवायचे. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या विषयाला एवढा स्वावलंबनाचा धडा हवाच.

माया इथेच संपत नाही. विषय सहा, पण टक्केवारी चांगल्या पाचांची. चित्रकलेची ग्रेड परीक्षा दिली असेल, मैदान गाजवलं असेल, तर वाढीव गुण. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटी घेऊन अकरावीत बस, पुरवणी परीक्षेत ते सोडव. शाळाच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भर आणि बाहेरून ये. मध्यंतरी तर गुणपत्रिकेवरचा ‘अनुत्तीर्ण’ हा शब्दच काढून तिथे ‘कौशल्य विकासासाठी पात्र’ असा शेरा आला. एवढ्या हळुवारपणे वाईट बातमी सांगणारं दुसरं सरकारी खातं माझ्या तरी पाहण्यात नाही. आता तो शेरा वाचून घरोघरी वडिलांनी जे कौशल्य दाखवलं असेल, त्याला मंडळ काय करणार?

आजी एकदा रुसलीही होती. २०१९ साली भाषांचे अंतर्गत गुण काढून घेतले आणि राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी गुण परत आले, निकाल ९५.३० वर गेला. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के लागला. परीक्षा न देताही जे राहिले, त्यांच्या चिकाटीला नमस्कार.

पूर्वी ही पायरी फार उंच होती. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची; न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पास होणं हीच तेव्हा सभा भरवण्याजोगी गोष्ट होती. आज ९० च्या आत आलेल्या मुलाच्या घरी सभा भरते, पण ती चौकशी समितीची.

पास होण्याची किंमत वाघोलीला तरी वेगळी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भूकंपाने हादरली, त्यानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबादची सुमारे १२०० मुलं पुण्याला आणली. त्यांच्या शिक्षणाचं घर पुढे इथेच, वाघोलीत उभं राहिलं. इथल्या दगडखाणींतल्या कामगारांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ संस्थेने खाणींजवळच पाषाण शाळा चालवल्या. ज्यांचं गाव ढिगाऱ्याखाली गेलं किंवा ज्यांचे आईबाप दिवसभर खडी फोडतात, त्यांच्या दहावीच्या ३५ चं वजन कुठल्या टक्केवारीत मोजायचं?

आमच्या लिफ्टमध्ये मात्र निकालाच्या दिवशीचे संवाद ठरलेले.

“काय रे, किती पडले?”

“८८, काकू.”

“असू दे हं. बारावीला भरून काढ.”

जणू पोराने कर्ज काढलंय!

२०२५ च्या निकालात राज्यातल्या २११ जणांना १०० टक्के मिळाले आणि २८५ जणांना बरोबर ३५. शंभरवाल्यांचं कौतुक आहेच, पण त्यांना वाढीव गुणांचा टेकू चालतो. बरोबर पस्तिसावर उतरणं म्हणजे भर वाहतुकीत केसनंद फाट्यावर गाडीला ओरखडा न पडता वळण घेणं. शिवाय पुढे या दोघांचं प्रमाणपत्र सारखंच कामाला येतं. जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते दाखवा, कुणी टक्के विचारत नाही. दहावी पास असलं की पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठीच्या तपासणीचा शिक्का बसत नाही. तिथेही ३५ पुरतात. सरकारला पुरतात, परदेशाला पुरतात, पुरत नाहीत ते फक्त मावशीला.

खरं तर उत्तीर्ण होण्याच्या अटी दोन आहेत. एक मंडळाची, ती लेखी आहे आणि प्रेमळ आहे. दुसरी घराची, ती कुठेच लिहिलेली नाही आणि दरवर्षी दोन-तीन टक्क्यांनी महाग होते. मुलं पहिलीला घाबरत नाहीत, दुसरीला घाबरतात.

तेव्हा येत्या निकालाला एवढं करा. दारात कुणी पेढे घेऊन आलं तर आधी पेढा तोंडात टाका, म्हणजे ‘किती?’ विचारायला तोंड मोकळं राहणार नाही. आणि अगदीच राहवलं नाही, तर पोराचे टक्के विचारण्याआधी स्वतःचे सांगा.