पेडलवाले आप्पा

धुळे-सोलापूर महामार्गावरच्या कुठल्याही गॅरेजात तीन माणसं सापडतात. मिस्त्री काम करतो, हाताखालचं पोरगं शिव्या खातं आणि आप्पा बाकड्यावर बसतात. चौसाळ्याचे आप्पाही त्याच वाणाचे. डोक्याला टोपी, खिशात चुन्याची डबी आणि तोंडावर 'मी आहे म्हणून चाललंय' हा भाव. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला कारखान्यांच्या वाटेला लागतात, तेव्हाही आप्पा जागचे हलत नाहीत. "मी गेल्यावर गॅरेजकडं कोण बघंल?" असं विचारतात. गॅरेज त्यांचं नाही, जागा त्यांची नाही. बाकडं तेवढं त्यांचं, तेही वहिवाटीनं.

तरी मिस्त्री त्यांना उठवत नाही, कारण आप्पांच्या उजव्या पायावाचून त्याचं अडतं.

मोटारसायकलच्या पुढच्या डिस्क ब्रेकमधली हवा काढायची तर मिस्त्री एकटा भागवतो. एका हातात पाना, दुसऱ्या हातात लिव्हर, झालं काम. तीनचाकीचं तसं नाही. आता आपे रिक्षाच घ्या. 1948 साली इटलीत पियाजिओनं व्हेस्पा स्कूटरलाच मागं दोन चाकं आणि हौदा जोडून ती काढली, आणि आपल्याकडं ती बारामतीच्या कारखान्यातून येते. हँडल स्कूटरसारखंच, पण ब्रेकचं पेडल पुढं ड्रायव्हरच्या पायाशी आणि हवा काढायचं निप्पल पार मागं, ड्रमच्या पाठीला. एकानं खाली आडवं पडून पाना फिरवायचा, दुसऱ्यानं वर बसून पेडल मारायचं. दोन चाकांच्या जगात आप्पांना कुणी विचारलं नसतं. तिसरं चाक आलं आणि त्यांचं नशीब उघडलं. जुन्या मोटारसायकलीला मागं दोन चाकं जोडून केलेला एखादा जुगाड आला, तर आप्पांना आणखी चेव येतो. त्याच्या ब्रेकची नळी कुठून कुठं वळवलीय हे ती जोडणाऱ्यालाही आठवत नसतं, आणि तिच्यातली हवा दिवस खाते.

आपेचा ड्रायव्हर येतो आणि सांगतो, "मिस्त्री, ब्रेक दोनदा मारल्याबिगर लागंना." मागच्या व्हील सिलेंडरचं वायसर गेलेलं, ऑईल गळालेलं आणि त्याच्या जागी हवा शिरलेली. ऑईल दबत नाही, म्हणून पायाचा जोर नळीतून थेट चाकापर्यंत पोचतो. हवा दबते, आणि सगळा जोर तिला दाबण्यातच संपतो. वायसर नवं घातलं तरी आत शिरलेली हवा काढावीच लागते. मिस्त्री डबीत ऑईल भरतो, सगळ्यात लांबच्या चाकाखाली सरकतो, निप्पलला सलाईनची नळी लावून तिचं टोक रिकाम्या बाटलीत सोडतो आणि हाक देतो, "आप्पा, चला."

आप्पा चपला काढतात, धोतर सावरतात आणि सत्यनारायणाला बसावं तसे ड्रायव्हरच्या सीटवर बसतात.

"मारा."

"मारलं."

"अजून. अजून मारा. आता दाबून धरा."

"धरलंय."

मिस्त्री निप्पल जरासं सैल करतो. फुस्स होतं, नळीतून बुडबुडे येतात, मागोमाग काळं ऑईल. पेडल तळाला जातं. आता मिस्त्रीनं निप्पल आवळेपर्यंत पाय जागचा हलवायचा नाही, कारण पाय उचलला की गेलेली हवा नळीतून परत आत ओढली जाते. सांगेपर्यंत गप बसणं, एवढंच आप्पांचं काम. आणि नेमकं तेच त्यांना जमत नाही, कारण पेडल दाबलं की आप्पांचं तोंड उघडतं.

"मिस्त्री, चौसाळा म्हणजे एकेकाळी विधानसभेचा मतदारसंघ होता!"

हे खरंच आहे. 2008 च्या पुनर्रचनेत तो गेला आणि 2009 च्या निवडणुकीत चौसाळा नावाचा मतदारसंघच उरला नाही. बाकी गाव ते विसरलं, आप्पा विसरले नाहीत. "आमदाराच्या नावापुढं कंसात काय लिहायचे? चौसाळा!" दुसऱ्यांदा "चौसाळा!" म्हणताना जोर यावा म्हणून ते पाय उचलून आपटतात.

"आप्पा, पाय उचलला का?" खालून आवाज.

"छ्या!"

नळीतलं ऑईल मात्र उलटं सरकलेलं असतं. मिस्त्री कपाळाला हात लावतो. कपाळ काळं होतं. पुन्हा "मारा", पुन्हा "धरा". या वेळी आप्पा मनापासून गप्प. पण शेजारच्या रस्त्यावरून ट्रक हॉर्न देत जातो आणि मिस्त्रीच्या "सोडू नका"मधलं "सोडू" आप्पांच्या कानापर्यंत येतं, "नका" सोलापूरकडं निघून जातं.

बाटलीत जमलेलं ऑईल मिस्त्री ओतून देऊ लागला की आप्पा हळहळतात. "फेकतो कशाला? फडक्यानं गाळून घाल की."

"आप्पा, हे ऑईल हवेतली ओल पितं. नवं डॉट 3 दोनशे पाच डिग्रीच्या खाली उकळत नाही, ओल प्यालेलं एकशे चाळीसलाच उकळू शकतं. मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीनं ब्रेक दाबत उतरला की ड्रम तापतेत. ऑईल उकळलं तर नळीत वाफ. मग पेडल मारा नाहीतर देवाचं नाव घ्या."

"आमच्या टायमाला गोडं तेल घालायचे."

"आणि रबर फुगून ब्रेक जाम व्हायचे, ते सांगा की."

आप्पा यावर चुना मळतात. हरले की ते चुना मळतात. दिवसात डबी दोनदा भरावी लागते.

अखेर मागची दोन्ही चाकं होतात, पुढचं होतं, पेडल अर्ध्यावर घट्ट उभं राहतं. ड्रायव्हर पैसे मिस्त्रीच्या हातावर ठेवतो आणि आप्पांना चहा सांगतो. संध्याकाळी पारावर आप्पा सांगतात, "आज दोन आपेंचे ब्रेक काढले." मिस्त्रीचा उल्लेख आलाच, तर "खाली एक पोरगं होतं पाना धरायला" एवढाच.

पेडल न मारता निप्पलकडूनच ऑईल ओढून घेणारा हातपंप बाजारात मिळतो, आणि एकट्यानं काम उरकतं. मिस्त्रीला ते ठाऊक आहे, पण तो घेत नाही. मी एकदा कारण विचारलं. "पंपानं काम लवकर हुतं," तो म्हणाला. "मग गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्याशा कामाचे एवढे पैसे? आप्पा बसले की त्याला डोळ्यांदेखत दिसतं, किती मेहनत लागली ते."

परवा गाडी झाली तेव्हा ड्रायव्हरनं आदरानं आप्पांना विचारलं, "आप्पा, रिकामाच बीडला निघालोय. बसा, घाट उतरून सोडतो तुम्हाला."

आप्पांनी चपला पायात घातल्या. मागच्या चाकाकडं पाहिलं, मग मिस्त्रीकडं पाहिलं.

"तू हो पुढं," ते म्हणाले. "मी येतो एसटीनं. माझं अर्धं तिकीट असतंय."