वेरूळ मंगळवारी बंद असतं

संभाजीनगरात टीव्ही सेंटरच्या चौकात चहा घेत होतो. ओळखीच्या एका काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. काका-काकू मे महिन्यात युरोपला निघालेत, सगळी शहरं रेल्वेनं करणार आहेत. कागदावर तेरा दिवस, सात देश, नऊ शहरं. ‘बघ रे, काही राहिलंय का?’

राहिलं काहीच नव्हतं. काढून टाकण्यासारखं बरंच होतं.

हिशेब मांडू. नऊ शहरं म्हणजे आठ वेळा मुक्काम हलवायचा. बॅगा भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडीत बसा, नवं हॉटेल शोधा आणि दुपारी खोली ताब्यात मिळेपर्यंत थांबा. प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो. आठ अर्धे म्हणजे चार दिवस. विमानाचे दोन धरा. उरले सात दिवस आणि बघायची नऊ शहरं! आयुष्यभराच्या बचतीतून निघालेल्या माणसांनी स्टेशनांचे जिने चढण्यात सुट्टी घालवावी, हे मला पटत नाही. परत आल्यावर लोक ‘किती देश केले?’ असं विचारतात म्हणून आखणी बिघडते. शहरं मोजू नका, रात्री मोजा.

नीट आखणी परदेशातून शिकायची गरज नाही. आपल्याकडे येणारा जाणता पाहुणा जळगावला उतरतो, अजिंठा बघतो, रस्त्यानं संभाजीनगरला येतो, वेरूळ बघतो आणि इथूनच गाडी पकडतो. एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर. आल्या वाटेनं परत जाण्यात त्याचा दिवस जात नाही. आणि जो चौकशी न करता येतो, तो सोमवारी अजिंठ्याच्या किंवा मंगळवारी वेरूळच्या बंद दारापुढे उभा राहतो. हजारो किलोमीटरवरून आलेल्या माणसाचा तो पडलेला चेहरा या शहरानं पुष्कळदा पाहिलाय. पॅरिसचं लूव्र संग्रहालयही मंगळवारीच बंद असतं. तिथलंच ओर्से आणि फ्लॉरेन्सचं उफ्फिझी सोमवारी. म्हणून आधी साप्ताहिक सुट्ट्या लिहा, मग तारखा भरा.

काकांच्या कागदावर आम्ही रेघा मारत गेलो. शेवटी उरलं ते असं: पॅरिस चार रात्री, ल्युसर्न तीन, रोम चार. मुंबईहून पॅरिसला उतरायचं, रोमहून परत फिरायचं. फ्लॉरेन्स वेगवान गाडीनं रोमपासून दीड तासावर आहे. सकाळी जाऊन रात्री परत, बॅगा रोमलाच. फक्त तो दिवस सोमवार नको.

रात्री ठरल्या की व्हिसाचा प्रश्नही सुटतो. शेंगेन गटात 29 देश आहेत, पण अर्ज एकाच देशाकडे करायचा. जिथे मुक्काम सर्वांत जास्त तिथे, आणि मुक्काम सारखाच असेल तर जिथे पहिलं पाऊल तिथे. फ्रान्स चार, इटली चार. पहिलं पाऊल पॅरिसला, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनमध्ये जाणाऱ्यांनी मार्चपर्यंत वाट बघू नये. किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला गावाबाहेर जावं लागतं, तो दिवसही धरा. लंडन जोडायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. व्हिसा वेगळा, पैसे वेगळे.

आता तिकिटं. आपल्या रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि बहुतेक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं. युरोपातल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचं भाडं विमानासारखं चढतं. तीन-चार महिने आधी स्वस्त, आदल्या दिवशी महाग. पण स्वस्त तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. म्हणून व्हिसाची तारीख पहिल्यांदा मिळवा.

युरेल पास घ्यायचा का? 33 देशांत चालतो, एवढंच ऐकून पास घेऊ नका. पास असूनही फ्रान्सच्या टीजीव्हीत आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत जागेचं आरक्षण वेगळे पैसे मोजून करावंच लागतं. काकांचे मोठे प्रवास तीन-चारच आहेत. सुटी तिकिटं आणि पास यांची बेरीज शेजारी-शेजारी मांडा. रोज गाडीत बसणार असाल तर पास परवडेल. एवढ्या कमी प्रवासांना बहुधा लवकर काढलेली सुटी तिकिटंच.

ल्युसर्नहून रोमला जाताना मिलानला गाडी बदलायची आहे. इथे आपल्या वडीलधाऱ्यांचं शहाणपण कामाला येतं. संभाजीनगरला मीटर गेज होतं तेव्हा मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून गाडी बदलावी लागायची. दहा मिनिटांच्या भरवशावर कोणी निघत नसे. मिलानलाही तासभर हाताशी ठेवा. दोन तिकिटं वेगवेगळी काढली आणि पहिली गाडी उशिरा पोहोचली, तर दुसऱ्या तिकिटाचं नुकसान तुमच्या माथी येऊ शकतं.

स्टेशनाचं पूर्ण नाव वाचा. नुसतं ‘पॅरिस’ पुरत नाही. स्वित्झर्लंडकडची टीजीव्ही गार द ल्योंवरून सुटते, लंडन-अ‍ॅमस्टरडॅमकडच्या गाड्या गार द्यु नॉरवरून. मुंबईत एलटीटीची गाडी सीएसएमटीवर शोधण्यासारखं ते होईल. आणि टीजीव्हीचे दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. धावत येऊन दांडा धरायची सवय घरी ठेवा.

हमालावर विसंबू नका, तिथे तो सहजी मिळत नाही. स्वतःला जिन्यावरून उचलता येईल तेवढीच बॅग न्या, माणशी एकच. काकूंच्या गुडघ्यांचा विचार काकांनी शहरं निवडतानाच करायला हवा. डब्यात मेतकूट, चटणी, भडंग खुशाल न्या. तूप आणि पनीर मात्र नको. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत.

आणि पहिली गाडी विसरू नका, ती आपल्याच स्टेशनातून सुटते. युरोपचं विमान मुंबईहून आहे आणि मनमाडच्या वाटेवर दुहेरीकरण पुरतं झालेलं नाही. संध्याकाळी मुंबईत पोहोचणाऱ्या गाडीवर त्याच रात्रीचं विमान लावणं म्हणजे सगळी सहल एका सिग्नलवर टांगणं. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं निघा, सकाळी मुंबईत पोहोचा, दिवस हाताशी राहू द्या.

काकांनी नवा कागद घडी घालून खिशात ठेवला. जुन्या कागदावरचं प्राग आणि व्हिएन्ना सुटलं, याचं वाईट त्यांना वाटलंच. मला वाटत नाही. कैलास लेणं अर्ध्या तासात उरकणाऱ्या पाहुण्याला आपण थांबवतो, ‘अहो, वरच्या बाजूनंही बघा, संध्याकाळचं ऊन येऊ द्या’ असं म्हणतो. जो आग्रह आपण आपल्या गावात परक्यांना करतो, तोच परक्यांच्या गावात स्वतःला करावा.