असीरगड सायकलनं : नवशिक्यांसाठी सूचना, सबबींसह

सायकल चालवता येणं ही या मोहिमेची मुख्य अट नाही. मुख्य अट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असणं. ‘रविवार, पहाटे पाच, शनवारा ते असीरगड’ असा मेसेज पडला की फार विचार न करता अंगठा दाखवावा. विचार करणारा माणूस अंतर बघतो, ते जेमतेम वीसेक किलोमीटर निघतं आणि तो निर्धास्त झोपतो. बुऱ्हाणपूर तापीकाठी आहे आणि असीरगड सातपुड्यात, हे त्याला निंबोल्याच्या पुढे आठवतं.

महिना थंडीचा निवडा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे सकाळी नऊनंतर माणसं रस्ता ओलांडायलाही दहादा विचार करतात.

शेजारच्या पोराची मागून आणलेली गिअरची सायकल चालेल, पण सीट त्या पोराच्या उंचीची ठेवू नका. पायडल खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हायला हवा. सीट बुटकी राहिली की गुडघे हनुवटीकडे येतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. हे आधी कुणी सांगत नाही, लाजतात. परतीच्या वाटेवर प्रत्येकाला आपोआप कळतं.

आता रस्ता. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खान-ए-खानानच्या काळात इथं कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या बाजूनं जमिनीत मुरणारं पाणी भुयारातून, एकही पंप न लावता, नुसत्या उतारावर शहरात आणलं. म्हणजे जमिनीचा उतार कुठून कुठे आहे हे चारशे वर्षांपूर्वी ठरलेलं आहे, आणि आपण दर रविवारी त्या पाण्याच्या उलट दिशेनं निघतो. सुरुवातीचा रस्ता डोळ्यांना सपाट वाटतो, पायांना नाही. इथं नवशिका ब्रेक घासतोय का म्हणून उतरून चाक फिरवून बघतो. ब्रेक ठीक असतो. हा फसवा चढ आहे. गिअर हलका करा, पाय भरभर पण जोर न लावता फिरवा आणि पुढे गेलेल्यांकडे बघू नका.

इंदूर-इच्छापूर रस्त्यावर ट्रक भरपूर, तेव्हा एकामागे एक राहायचं. पुढच्यानं खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा, मागच्यानं ट्रक आला की ओरडायचं. मधल्यानं, म्हणजे तुम्ही, दोन्ही गोष्टी पुढे पोचवायच्या. पुढच्याच्या मागे राहिलं की वारा तो खातो आणि आपले कष्ट वाचतात. मात्र त्याच्या चाकाला चाक लावू नका. पडताना माणूस एकटा पडत नाही.

खरा घाट सुरू झाला की लक्षात ठेवा : चढ पायांनी नाही, सबबींनी चढतात. नुसतं ‘दम लागला’ म्हणून थांबलात तर वर्षभर ऐकावं लागेल. फोटोसाठी थांबा, गड समोर दिसतोच. चेन वाजतेय म्हणून थांबा. पण तेल मागताना जरा जपून. कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा याच गडावर महादेवाला फूल वाहून जातो, अशी इथली श्रद्धा आहे. पहाटेच्या अंधारात धापा टाकत ‘थोडं तेल आहे का हो?’ असं अनोळखी माणसाला विचारलंत, तर तो तुमच्यापेक्षा वेगानं घाट उतरेल.

सबबी संपल्या की ब्रेव्हे केलेला गडी गाठा. साडेतेरा तासांच्या आत दोनशे किलोमीटर पुरे केलेला एक जण प्रत्येक ग्रुपात असतो. त्याला विचारा, ‘भाऊ, हे गिअरचं गणित नेमकं काय असतं?’ तो गडाच्या पायथ्यापर्यंत उत्तर देत राहील, आणि बोलता यावं म्हणून वेगही कमी करेल. तुम्ही फक्त ‘अच्छा’ म्हणायचं. चढावर तेवढाच श्वास शिल्लक असतो.

पायथ्याच्या गावात बहुतेकांचा गड सर होतो. ‘वर जायचंय का?’ असं कुणी विचारलं तर अकबराचं नाव घ्या. एवढी फौज घेऊन आला, तरी त्याला महिनोन्महिने खालीच थांबावं लागलं. गड हाती आला १६०१ च्या जानेवारीत, आणि तोही लढून नाही, आतली माणसं फोडून, असं सांगतात. आपण चहा घेऊन परत फिरलो तर त्यात कमीपणा कसला?

उतारावर शहाणपणा संपतो, म्हणून एवढं मात्र गंभीरपणे वाचा. ब्रेक सतत दाबून धरू नका. दोन्ही थोडे दाबा, सोडा, परत दाबा. नुसता पुढचा करकचून दाबलात तर सायकल थांबेल, तुम्ही नाही. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. हेल्मेट हँडलला लटकवायची वस्तू नव्हे.

गावात आल्यावर मावा जिलेबी खावी. जाताना खाऊ नये. जाताना केळी, ती इथं गल्लोगल्ली मिळतात. जितक्या कॅलरी जाळल्या त्याच्या दुप्पट पोटात जातात, त्यामुळे वजन कमी करायला म्हणून यात पडला असाल तर चालायला जा.

पुढच्या रविवारी इच्छापूर आहे. रस्ता बराचसा सपाट, त्यामुळे नवीन माणसांनी जरूर यावं. देवीचं देऊळ टेकडीवर आहे, तिथं पायऱ्या आहेत आणि सायकली खालीच ठेवाव्या लागतात. कुलूप आपापलं आणावं.