शेजाऱ्याची वही

सातवी ब मध्ये 52 मुलं आहेत. 'माझी आई' हा निबंध घातला, की एकच बाई 52 वेळा पहाटे पाचला उठते, सडा-रांगोळी करते, तुळशीला पाणी घालते आणि 'आम्हा भावंडांवर सुसंस्कार करते'. वीस वर्षं मी या बाईला ओळखतो. ती बाजारात मिळणाऱ्या एका गाईडमध्ये राहते. तिच्या वेलांट्या नीट करायच्या, दहापैकी सात गुण द्यायचे आणि पुढची वही ओढायची, एवढाच आमचा संबंध.

गाईडच्या नावातही 'निबंधमाला' आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली याच नावाचं मासिक काढलं आणि त्याचे 84 अंक लिहिले. सुरुवातीची वर्षं त्यांनी हे सरकारी शाळेतली मास्तरकी सांभाळून केलं; 1879 मध्ये मात्र नोकरी सोडली. कारणं इतिहासकार सांगतात ती खरीच असतील. पण त्यांनाही वह्या तपासाव्या लागत असणार, हा मुद्दा कोणी फारसा विचारात घेतलेला दिसत नाही.

यंदाच्या एका प्रशिक्षणात मार्गदर्शकांनी फळ्यावर 'सहाध्यायी संपादन' असं लिहिलं. चहाच्या सुट्टीत उलगडा झाला: मुलांनी एकमेकांच्या वह्या तपासायच्या. 52 वह्यांचा गठ्ठा जर दोन शब्दांत उतरणार असेल, तर ते शब्द कितीही जड असोत, कऱ्हाडच्या एसटीत मांडीवर घेऊन यायला मी तयार होतो.

हाती लाल पेन देण्याआधी दारूगोळा हवा, म्हणून पहिला आठवडा वाक्प्रचारांत घालवला. 'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न कोणी काढला असेल त्याला मुलांची कल्पना नसावी. 'हातावर तुरी देणे': बाबांनी बाजारातून आल्या आल्या आईच्या हातावर तुरी दिल्या. 'कपाळमोक्ष होणे': आजोबा काशीला गेले व तेथे त्यांचा कपाळमोक्ष झाला. 'नाकी नऊ येणे': गणितात मला वीसपैकी नाकी नऊ आले. या वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नाही, हे माझं खरं दुःख. तिसऱ्याला मी अर्धा गुण दिला, कारण त्याला गणितात खरोखरच नऊ होते.

दुसऱ्या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ. शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ: कवी, पाटी, आजी. ताबडतोब एक हात वर. "मग 'आणि' ऱ्हस्व का, सर?" म्हटलं, तो अपवाद आहे. "वर्गात सगळ्यात जास्त वेळा येतो तोच अपवाद?" मी खडू शोधायला लागलो. मग 'मूल' दीर्घ आणि 'मुलाला' ऱ्हस्व कसं, असं पहिल्या बाकावरून आलं. याला मात्र उत्तर होतं. "प्रत्ययाचं ओझं पाठीवर पडलं की मूल खुजं होतं. दप्तर अडकवून बघ." नियम समजावण्याची ही पद्धत कुठल्याही पुस्तकात नाही, पण सातवी ब मध्ये आता 'मूलाला' कोणी लिहीत नाही.

मग वह्यांची अदलाबदल झाली आणि सहाध्यायांनी संपादन सुरू केलं. पहिल्या दिवशी सूड उगवले गेले. कबड्डीच्या संघातून वगळलेल्या पोराने कप्तानाच्या एका पानात 31 चुका काढल्या. त्यांतल्या चार खऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी युत्या झाल्या. तू माझ्या वेलांट्या सोड, मी तुझे उकार सोडतो. वर्ग इतका निर्दोष झाला की मला संशय आला. एका मुलीने मैत्रिणीच्या निबंधाखाली 'अक्षर छान, डबाही छान' असा शेरा मारला होता.

तिसऱ्या दिवशी खिडकीकडच्या रांगेत आवाज चढला.

"सर, ह्यो खोटं लिहितोय! ह्याची आई रांगोळी काढत नाही. ती पहाटे कंपनीच्या बसनं जाते. रांगोळी ह्याची आजी काढते, आणि ती पण फक्त सणाला!"

वहीत समासात लाल पेनाने लिहिलं होतं: 'खोटे. मी शेजारी राहतो.' शुद्धलेखनाच्या पाच चुका त्याने तशाच सोडल्या होत्या. वीस वर्षांत ज्या बाईच्या मी नुसत्या वेलांट्या दुरुस्त केल्या, तिला त्याने एका ओळीत घराबाहेर काढलं होतं. पोराने कुरकुरत निबंध पुन्हा लिहिला. आई बसमध्ये डुलकी घेते, तेव्हा तिच्या पर्सचा पट्टा मनगटाला दोन वेढे घातलेला असतो, असं त्यात आलं. त्याने हे कधी पाहिलं, असं विचारलं. म्हणाला, एकदा ताप होता तेव्हा ती मला बसनं घेऊन गेली होती.

मी नऊ गुण दिले. तेवढ्यात मागच्या बाकावरून मागणी आली, की आता सरांनीपण लिहायचं.

लिहिलं. वर्गासमोर भाव खायचा होता, म्हणून चांगलं सजवून लिहिलं. वही बाकाबाकांवरून फिरून परत आली तेव्हा खाली शेरा होता: 'सर असे बोलत नाहीत. आई काय म्हणते ते लिहिले नाही. पालकांची सही आणणे.'

माझ्या पालकांचं वय 81. त्यांनी सातवीची परीक्षा दिली ती 1962 चे लेखननियम येण्याआधी, म्हणजे न उच्चारले जाणारे अनुस्वार अजून नोकरीवर होते तेव्हा. आईने चष्मा पुसला, निबंध दोनदा वाचला आणि म्हणाली, "मी एवढी गरीब कधी होते रे? तुझ्या बापाला विळा घेऊन बांधापर्यंत पळवला होता, ते लिही की." मग सही केली. पेन हातात होतंच, म्हणून 'तिने'चं 'तिनें', 'घरी'चं 'घरीं', 'पहाटे'चं 'पहांटे' असं करत सात ठिकाणी अनुस्वार देऊन टाकले.

सोमवारी वही वर्गात नेली. सातवी ब ने विळ्याचा प्रसंग उभं राहून वाचायला लावला आणि सातही अनुस्वार लाल पेनाने खोडले.